आत्याचं ‘मस्ट’

माझ्या आत्याला एक्याऐंशी पूर्ण होताहेत, आणि तिच्या जुन्या विद्यार्थिनी नौपाड्यातल्या एका छोट्या हॉलमध्ये तिचा सत्कार करणार आहेत. विद्यार्थिनी म्हणजे आता सगळ्या आज्ज्या. त्यांची एक स्मरणिकाही निघणार आहे, आणि तिच्यासाठी ‘बाईंनी मला काय दिलं’ या विषयावर दोन पानं लिहून द्यावीत म्हणून मला फोन आला. फोन होता नलूकाकूंचा. डोंबिवलीला आमच्या समोरच्याच दारात राहायच्या त्या. म्हणाल्या, “मंजू, तू त्यांची भाची. तुझा लेख पहिल्या पानावर घ्यायचाय.” मी म्हटलं, “काकू, मी लिहिलेलं तुम्ही छापणार नाही. त्यात तुमचंही नाव येईल.” त्या म्हणाल्या, “अजून तेच धरून बसलीयेस का गं?” हो, बसले आहे. माजिवड्याच्या या टॉवरात हायवेचा आवाज नको म्हणून खिडक्या लावून घेऊन बसले आहे, आणि त्यांनी दोन पानं मागितली तर मी जास्तच लिहिणार आहे. स्मरणिकेत नाही गेली तरी माझ्याजवळ राहतील.

आमचं घर डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला होतं. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मागे खाडीचं खाजण, त्याच्या वासाचा वारा दुपारभर घरात. बाबा ठाण्याला एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. आई दिवसभर स्वयंपाकघरात, आणि बाहेरच्या खोलीवर राज्य आत्याचं. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, शालिनी. लग्न झालेलं नव्हतं. सकाळी ठाण्याच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायची आणि दुपारी घरी बायकांचा इंग्रजीचा क्लास घ्यायची. बाहेरच्या खोलीची एक भिंत तिने काळी रंगवून घेतली होती. आईला त्या भिंतीवर देव्हारा हवा होता. तो शेवटपर्यंत स्वयंपाकघरात पाण्याच्या पिंपावरच्या फळीवर राहिला, आणि आई पिंप उघडताना आधी देवांना नमस्कार करायची. क्लासच्या दिवशी घरात मासळी तळायची नाही हाही आत्याचाच नियम. “वहिनी, बायका येतात, वास बसतो,” एवढंच ती म्हणायची. आई “बरं, वन्सं” म्हणायची आणि कुळथाचं पिठलं टाकायची. पण ते टाकताना भांड्यांचा जो आवाज व्हायचा तो इमारतीत सगळ्यांना समजायचा.

त्या काळात इमारतीतली मुलं नुकती इंग्रजी शाळेत जायला लागली होती, आणि प्रवेशाच्या वेळी आईबापांनाही प्रश्न विचारतात अशी धास्ती बायकांनी घेतली होती. त्यामुळे नळाचं पाणी भरून झालं की सात-आठ जणी सतरंजीवर येऊन बसत. आत्याची शिकवण्याची एक रीत होती. पुस्तकातलं वाक्य चालायचं नाही. प्रत्येकीने उभं राहून आपल्या घरातलं, त्याच दिवसाचं, खरं वाक्य सांगायचं. मी ते भिंतीवर लिहायचं, कारण माझं अक्षर छापल्यासारखं होतं. मग आत्या ते दुरुस्त करायची. बरेच महिने सगळी गाडी मस्ट, हॅव टू आणि शुड यांच्यातच अडकली होती. बायकांचं आयुष्यच त्यात अडकलेलं, त्यामुळे वाक्यांना तोटा नव्हता. एखादी म्हणायची, “आय मस्ट फिल वॉटर.” आत्या विचारायची, “तुम्हाला हुकूम कोण देतंय? मी देतेय का? नळ देतोय. हॅव टू म्हणा.” मस्ट म्हणजे सांगणाऱ्याचा हुकूम. हॅव टू म्हणजे परिस्थितीचा. शुड म्हणजे शेजाऱ्याचा सल्ला, ऐकला तर ऐकला. ऑट टू ही फोटोत जाऊन बसलेल्या सासऱ्यांची भाषा, ती कळली तरी पुरे, वापरायची गरज नाही. शिकवायची मात्र ती झकास, हे मला लिहावंच लागतंय.

त्या सतरंजीवर मी जे ऐकलं ते मराठीत कधीच ऐकलं नसतं. एरवी जिन्यात भेटल्यावर ‘सगळं मजेत’ म्हणणारी बाई उभी राहून शांतपणे सांगायची की सासू म्हणते खिडकीत बसायचं नाही. दुसरी सांगायची की नवरा जेवेपर्यंत तिला उपाशी राहावं लागतं. कुणी कुणाकडे बघायचं नाही, कुणी हळहळायचं नाही. सगळ्यांचं लक्ष मस्ट आलं की हॅव टू आलं इकडे. वाक्य बरोबर आलं की बाईचा चेहरा फुलायचा. इंग्रजीत सांगितलं म्हणजे सांगितलं असं त्यांना वाटतच नसावं. क्लास सुटला की मी भिंत ओल्या फडक्याने पुसायची, आणि जिन्यात पुन्हा सगळं मजेत असायचं.

आमच्या घरात मराठीतसुद्धा प्रत्येकाचा एकेक शब्द ठरलेला होता. बाबांचा शब्द ‘बघायला हवं’. पंखा दुरुस्त करणं असो की गावच्या घराचं छप्पर, बाबा म्हणाले ‘बघायला हवं’ की ते काम कुणी करणार नाही हे नक्की. आईचा शब्द ‘करावं लागतं’. आणि आत्याचा ‘पाहिजेच’. बाबा आणि आई आपापले शब्द आपल्यापुरते वापरायचे. आत्या तिचा शब्द दुसऱ्यांवर वापरायची. मंजूने वेणी घट्ट घातलीच पाहिजे, मंजूने दिवेलागणीला घरात असलंच पाहिजे, मंजूने भिंतीवर लिहिताना बायकांकडे वळून बघितलं नाहीच पाहिजे. मला ती आवडत नव्हती. लहानपणी भीती वाटायची म्हणून आवडत नव्हती, आणि भीती गेली तरी आवडली नाही. लोक म्हणतात वय झालं की माणसाचे कंगोरे झिजतात. माझे झिजलेले नाहीत आणि तिचेही नसावेत.

मी बारावी झाले त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. मला नकाशे काढायला शिकायचं होतं. बाबांच्या कारखान्यातून इमारतींचे रद्दी झालेले निळे नकाशे घरी येत, आमच्या वह्यांना कव्हर घालायला. कव्हर घालायच्या आधी मी ते जमिनीवर पसरून तासन् तास बघायची. दार कुठे उघडतं, जिना कसा वळतो, देव्हाऱ्याला जागा कुठे ठेवलीये. ठाण्याला ड्राफ्ट्समनचा कोर्स होता. अर्ज मीच भरला होता आणि नावही लागलं होतं. आता फक्त येत्या सोमवारी जाऊन मूळ मार्कशीट दाखवायची होती. ती आत्याच्या लोखंडी कपाटात होती, कारण घरातले सगळे महत्त्वाचे कागद हरवू नयेत म्हणून तिच्याकडे असत. मी मागितली की म्हणायची, “देईन. घाई काय आहे?” बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, बघायला हवं. त्याच्या आदल्याच दिवशी, रविवारी, कल्याणला कुणा लांबच्या नातेवाइकांकडे बारसं होतं आणि आम्ही सगळ्यांनी जायचं होतं. बारशाला नवी साडी कशाला, असं मी आईला विचारलंसुद्धा होतं. आई म्हणाली, “चार माणसांत जायचं तर नेसावी लागते.”

त्या गुरुवारी क्लासमध्ये नलूकाकूंची पाळी आली. त्या वर्गातल्या सगळ्यांत कच्च्या, आणि त्या दिवशी मात्र वाक्य घोकून आल्या होत्या. मी भिंतीकडे तोंड करून खडू घेऊन तयार होते. त्या म्हणाल्या, “वुई मस्ट नॉट टेल,” मी लिहिलं. “मंजू,” मी माझंच नाव लिहिलं, कॅपिटल एम काढून. पुष्कळदा बायका वाक्यात माझं नाव घ्यायच्या, मी समोर दिसायची म्हणून. “दॅट देअर इज नो,” आणि त्या अडल्या. “बाई, बारशाला काय म्हणायचं?” आत्या म्हणाली, “नेमिंग सेरेमनी.” मी तेही लिहिलं. “ऑन संडे. बॉय विल सी हर.” मी पूर्णविराम दिला आणि बाजूला झाले, आत्याला दिसावं म्हणून. खरं सांगते, तोपर्यंत माझं सगळं लक्ष अक्षर एका ओळीत येण्याकडे होतं.

आत्या खूश झाली. इतके महिने नलूकाकू मस्ट नॉट आणि डोन्ट हॅव टू यांत घोटाळे करायच्या आणि आज बरोबर आलं होतं. ती उठली, भिंतीजवळ आली आणि बोट ठेवून सगळ्यांना म्हणाली, “बघा. इथे कुणी डोन्ट हॅव टू म्हटलं असतं तर? तर अर्थ झाला असता, मंजूला सांगायची गरज नाही, पण सांगितलं तरी बिघडत नाही. आपल्याला तसं म्हणायचंय का? नाही. आपल्याला म्हणायचंय, मंजूला कळता कामा नये. अजिबात कळता कामा...” तिथे ती थांबली. बोट अजून माझ्या नावावर होतं. स्वयंपाकघरात आई तांदूळ निवडत होती, तो सुपाचा आवाजही थांबला. आईला इंग्रजी येत नव्हतं, पण माझं नाव आणि त्यानंतरची शांतता तिला समजली असणार.

मी वळून बायकांकडे बघितलं. नियम मोडून बघितलं. मला वाटलं होतं त्या चकित झाल्या असतील. एकही झालेली नव्हती. सगळ्यांना माहीत होतं. त्या नलूकाकूंकडे रागाने बघत होत्या, एवढंच. नलूकाकू तोंडावर पदर धरून म्हणाल्या, “बाई, मी तर इंग्रजीतच सांगितलं हो.”

“आत्या,” मी म्हटलं, “हे खरं वाक्य आहे ना? तुझ्या क्लासमध्ये खरंच लागतं.”

“खडू ठेव आणि आत जा.”

“मार्कशीट दे. जाते.”

“बायकांसमोर तमाशा नकोय मला.”

“बायकांना सगळं माहितीये. मलाच तेवढं नव्हतं.”

तिने ओलं फडकं उचललं आणि स्वतःच्या हाताने ती ओळ पुसली. ते काम माझं होतं, तिने कधीच केलेलं नव्हतं, त्यामुळे भिंतीवर सगळा पांढरा फराटा उमटला. तो दिवसभर तसाच होता.

संध्याकाळी बाबा आले. चहा प्यायले आणि सगळं ऐकून घेऊन म्हणाले, बघायला हवं. आई म्हणाली, “मुलगी म्हटल्यावर करावं लागतं गं. नलूने पाटल्यासुद्धा द्यायच्या कबूल केल्यात तुला घालायला. मला तरी कुणी विचारलं होतं?” म्हणजे काकूंना गुपित कळलं ते त्या पाटल्यांपायी. मी आत्याला विचारलं, “माझं लग्न ठरवणारी तू कोण? तुझं स्वतःचं कुठे झालंय?” आईने माझ्या पाठीत धपाटा घातला. आत्या मात्र शांत होती. ती म्हणाली, “झालं नाही म्हणूनच. माझ्या वेळी सगळे बघायला हवं, बघायला हवं म्हणत राहिले. हा तुझा बापसुद्धा. चांगली स्थळं आली आणि गेली. कुणी एकानेही ‘केलंच पाहिजे’ म्हटलं नाही. तुला म्हणणारं कुणीतरी आहे, त्याचं मोल तुला कळत नाहीये.” बाबा कप ठेवायला आत गेले. आज स्मरणिकेत लिहायला हे फार छान आहे, बाईंचं दुःख वगैरे. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही आणि आजही फारसं वाटत नाही. तिचं राहून गेलं त्याचा हिशेब तिने बाबांकडे मागायचा होता. ती माझ्याकडे आली, कारण मी लहान होते आणि माझे कागद तिच्या कपाटात होते.

त्यानंतर जे झालं ते आमच्याच घरात होऊ शकतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे पुन्हा बारशावर आले. इतकं सगळं बोलून झालेलं असताना आई मला म्हणते, “रविवारी बारशाला जायचंय, उद्या केस धुऊन घे.” बाबा म्हणतात, “बारशाला वेळेवर निघायला हवं.” आत्या म्हणते, “बारशाला सगळ्यांनी गेलंच पाहिजे.” एकाच्याही चेहऱ्यावर काही नाही. मी आधी चिडले, रडले, जेवले नाही. ताटात पिठलं तसंच वाळलं आणि कुणी उचलायला आलं नाही. मग शनिवारी माझं डोकं एकदम शांत झालं. म्हटलं, बारसं तर बारसं. स्टेशनजवळच्या दुकानातून मी एक पिवळं झबलं-टोपडं आणलं. झबल्याच्या छातीवर हिरवा पोपट होता. ते निळ्या नकाशाच्या कागदात गुंडाळलं, सुतळी बांधली, आणि रविवारी नव्या साडीवर नलूकाकूंच्या पाटल्या घालून सगळ्यांच्या आधी दारात उभी राहिले. आईला बरं वाटलं. पुडकं बघून तिने काही विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तिला काहीतरी बोलावं लागलं असतं.

कल्याणला खाडीकडच्या एका जुन्या घरात ते लोक राहत होते. मुलगा, त्याची आई, दोन मामा. पोहे आले, वर खोबरं-कोथिंबीर, छान झाले होते, मी पोटभर खाल्ले. आत्या रेशमी साडी नेसून मुलाच्या आईशेजारी बसली होती आणि माझ्या अक्षराचं कौतुक करत होती. मुलाच्या आईने मला विचारलं, “स्वयंपाक येतो ना?” मी म्हटलं, “येतो. बाळ कुठे आहे?”

“कुठलं बाळ?”

“ज्याचं बारसं आहे ते. मला घरातून बारसं आहे म्हणून आणलंय. रिकाम्या हाताने कसं यायचं?” आणि मी सुतळी सोडली, झबलं काढलं, नीट उलगडलं आणि मुलाच्या पुढ्यात पोह्यांच्या बशीशेजारी ठेवलं. वर टोपडं ठेवलं. मुलगा आधी हसला. बिचारा चांगला असावा. मग आईकडे बघून त्याने हसू आवरलं. त्याच्या आईने आत्याकडे वळून विचारलं, “म्हणजे मुलीला न सांगता आणलंयत तुम्ही? आम्हाला म्हणालात तिला पसंत आहे.” आत्याने हात पुढे करून झबलं उचललं, घडी घातली, टोपडं त्यात ठेवलं आणि आपल्या पर्समध्ये टाकलं. मग उठली, आणि आम्ही सगळे तिच्यामागे उठलो.

घरी आल्यावर चपलाही न काढता ती कपाटाशी गेली आणि मार्कशीट काढून माझ्या हातात दिली. “घे. उद्या जा, नाहीतर जाऊ नकोस. आजपासून मी तुला काही सांगणार नाही. ये म्हणणार नाही, जा म्हणणार नाही, जेव म्हणणार नाही.” मला वाटलं आठवडाभर चालेल. तिने ते पाळलं. मी कोर्सला जायला लागले, ठाण्याहून कितीही उशिरा आले तरी ती मान वर करायची नाही. तिचं बघून आईनेही सांगणं सोडलं. पानं घेतली की बाकीच्यांना हाक जायची, माझं ताट नुसतं मांडलेलं असायचं. भिंतीवर लिहायला तिने दुसरी मुलगी ठेवली, तिचं अक्षर वाकडंतिकडं होतं. मला हवं ते सगळं मिळालं होतं, आणि त्या घरात मला कुणी पाणी भर असंसुद्धा म्हणत नव्हतं. ते फार झोंबलं. तिला ते झोंबणार हे माहीत होतं, म्हणून तर तिने ते केलं.

पुढे मी नौपाड्यातल्या एका आर्किटेक्टकडे आयुष्यभर नकाशे काढले. लग्नही केलं, माझ्या मनाने. लेकीच्या बारशाला आत्याला रीतसर बोलावलं. ती आली नाही. नलूकाकूंच्या हाती एक पुडकं पाठवलं. उघडलं तर तेच पिवळं झबलं, तोच पोपट, टोपडं आत घडी घालून. धुतलेलं, कडक इस्त्री केलेलं. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, “बघ, इतकी वर्षं जपून ठेवलं वन्संनी.” मी म्हटलं, “जपून ठेवलं ते थोबाडीत मारायलाच.” आई म्हणाली तुझं मनच कडू आहे. असेल. मी ते माझ्या मुलीच्या अंगाला लावलं नाही. कपाटात तळाशी टाकून दिलं.

परवा नलूकाकूंचा पुन्हा फोन आला. लेखाचं काय झालं म्हणून. मी म्हटलं, लेख नाही. मग म्हटलं, “आत्या काय म्हणाली, मी यावं असं?” काकू अडखळल्या. या वयातही त्यांना खोटं बोलता येत नाही. म्हणाल्या, “मी विचारलं गं त्यांना. मी म्हटलं, बाई, मंजूला सांगू ना, आलंच पाहिजे म्हणून? तर म्हणाल्या, तिला वाटलं तर येईल. सक्ती नाही.”

मी फोन ठेवला. बाकीच्या सगळ्यांना तिने स्वतः फोन करून दटावलंय म्हणे, आलंच पाहिजे, वेळेवर आलंच पाहिजे, येताना नातवंडांना आणलंच पाहिजे. मला तेवढी सूट. इतक्या वर्षांनी तिच्या तोंडून एकदा ‘मस्ट’ ऐकायला मी काय दिलं असतं ते मी इथे लिहिणार नाही.

पण वाटलं तर ये म्हणालीये ना, तर मला वाटलंय. रविवारी मी जाणार आहे. झबलं काल काढून इस्त्री केलं. पिवळा रंग उतरलाय, पोपट अजून हिरवागार आहे. गुंडाळायला मी काढलेल्या एका इमारतीचा जुना नकाशा घेतलाय. हार, शाल, नारळ सगळं होऊ दे. मग मी पुढे जाऊन ते तिच्या मांडीवर ठेवणार आहे, सगळ्यांसमोर. बाळ कुठे आहे ते या वेळी तिने विचारावं.